डोंगरगावचा शिलालेख आणि माळव्याचा परागंदा राजपुत्र

यवतमाळ जिल्ह्यातल्या कुठल्याही जुन्या दगडी देवळापाशी उभे राहून ते कोणी बांधले असे विचारले, तर उत्तरे दोनच मिळतात. एक, हेमाडपंताने. दुसरे, पांडवांनी, तेही एका रात्रीत. शिखर अपुरे दिसले तर पहाटे कोंबडा लवकर आरवला आणि काम तसेच टाकून पांडव निघून गेले. लोहाऱ्याच्या कमलेश्वरापासून तपोन्यापर्यंत हीच दोन नावे ऐकू येतात. इंग्रजांनी १९०८ साली जिल्ह्याचे गॅझेटिअर छापले. त्यातही जुनी देवळे गावोगाव मोजून एकजात ‘हेमाडपंती’ या एकाच खात्यावर जमा केली आहेत.

पांडवांचे सोडून देऊ. हेमाडपंत मात्र खरा माणूस. महादेव आणि रामचंद्र या देवगिरीच्या यादव राजांचा मंत्री, ‘चतुर्वर्गचिंतामणी’चा कर्ता, काळ तेराव्या शतकाचा उत्तरार्ध. मोडी लिपीपासून बाजरीपर्यंत महाराष्ट्राने त्याच्या नावावर इतके काही जमा केले आहे की त्यात शेदोनशे देवळांची भर पडल्याने त्याला काही भार होत नाही. चुन्याशिवाय, घडीव दगड एकमेकांत बसवून उभारलेले देऊळ दिसले की ते त्याचे. त्याच्या जन्माआधी हा प्रदेश रिकामा होता काय, हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही.

पुसद तालुक्यातल्या डोंगरगावी सापडलेला एक शिलालेख या प्रश्नाचे उत्तर देतो. वर्ष शके १०३४, नंदन संवत्सर, चैत्र पौर्णिमा, शुक्रवार. आजच्या हिशेबाने १५ मार्च १११२. हेमाडपंताच्या आधी जवळजवळ दीडशे वर्षे. लेख संस्कृतात आहे, लिपी नागरी आहे, आणि त्यात नाव आहे ते यादवांचे नाही, वऱ्हाडातल्या कुणा राजाचेही नाही. नाव आहे जगद्देव परमाराचे. धार-उज्जैनच्या राजघराण्यातला राजपुत्र, भोजराजाचा पुतण्या. तो पैनगंगेच्या खोऱ्यात काय करत होता, याचे उत्तर लेखातच दिले आहे, आणि ते उत्तर जितके सुंदर आहे तितकेच संशय घ्यायला लावणारे आहे.

हा लेख वाचून ‘एपिग्राफिया इंडिका’त प्रसिद्ध केला तो महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी. नागपूरला बसून विदर्भाचा प्राचीन इतिहास जवळजवळ एकहाती उभा करणारे हे गृहस्थ. दगडावरची अक्षरे नुसत्या डोळ्यांनी वाचता येत नाहीत. शतकानुशतके शेंदूर, तेल, माती आणि पावसाने ती बुजलेली असतात. आधी दगड पाण्याने नि कुंचीने घासायचा, मग ओला कागद त्यावर पसरून दाट केसांच्या कुंचीने ठोकत राहायचे. प्रत्येक खाचेत कागद शिरला पाहिजे. तो जरा सुकत आला की वरून शाईची पोटळी हलक्या हाताने टिपायची. सपाट भाग काळा होतो, खोदलेली अक्षरे पांढरी राहतात. हा ठसा घेऊन घरी जायचे आणि मग खरे काम सुरू. मात्रा अक्षराच्या डोक्यावर नसून अलीकडे काना असावा तशी दिलेली, ‘ब’ आणि ‘व’ एकाच चिन्हाने काढलेले, एखादी ओळ कडेने फुटलेली. छंद माहीत असला तर तुटलेल्या जागी किती मात्रा हव्यात ते कळते. संस्कृताचे पंडित या कामात इतरांच्या पुढे राहिले ते यामुळे.

आता लेखातली कथा.

माळव्याचा भोजराजा १०५५ च्या सुमारास वारला. विद्वानांचा आश्रयदाता म्हणून त्याची कीर्ती अजून टिकून आहे. त्याच्या शेवटच्या दिवसांची गोष्ट मात्र लोक फारशी सांगत नाहीत. गुजरातचा भीम आणि त्रिपुरीचा कलचुरी कर्ण दोन बाजूंनी धारेवर चालून आले होते आणि त्याच धुमश्चक्रीत भोज गेला. पुढची पंधरावीस वर्षे माळव्याची दैना झाली. डोंगरगावचा लेख म्हणतो की तीन शत्रूंच्या लोंढ्यात हे राज्य बुडाले होते. त्यातून ते वर काढले भोजाचा भाऊ उदयादित्य याने. त्या तिघांत एक कल्याणीचा चालुक्य राजा दुसरा सोमेश्वर होता असे बहुतेक अभ्यासक मानतात. हे नाव लक्षात ठेवायला हवे, पुढे लागणार आहे.

‘भोजाचा भाऊ’ हा शब्दही साधा नाही. नागपूरच्या संग्रहालयात परमारांचाच एक मोठा शिलालेख आहे, विक्रम संवत् ११६१ म्हणजे ११०४-०५ चा. त्यात उदयादित्याला भोजाचा ‘बंधू’ म्हटले आहे, आणि बंधू म्हणजे सख्खा भाऊ की नुसता भाऊबंद, यावर बराच काळ वाद चालला. डोंगरगावने तो मिटवला. तिकडे पैनगंगेपलीकडच्या जैनदच्या लेखात भोजाला जगद्देवाचा चुलता म्हटले आहे. धारच्या घराण्यातले नाते पक्के करायला पुसद आणि आदिलाबाद यांची साक्ष लागली.

उदयादित्याने राज्य सावरले आणि विदिशेजवळ उदयपूर गावी शिवाचे जे देऊळ उठवले ते आजही उभे आहे. १०८० साली ते पुरे झाले. तळापासून आमलकापर्यंत चढत जाणाऱ्या छोट्या छोट्या शिखरांच्या रांगा पाहिल्या की अंबरनाथच्या देवळाची आठवण होते. भूमिज म्हणतात ती ही शैली. महाराष्ट्रात तिने इतके मूळ धरले की पुढे ती आपलीच वाटू लागली. शिवभक्त बापाचा मुलगा वऱ्हाडात आला आणि त्याने गाव दान दिलेल्या घराण्याने तिथे शिवाचेच देऊळ बांधले, यात नवल नाही.

या उदयादित्याला मुले होती, पण लेख सांगतो की आपल्या मनासारखा आणखी एक मुलगा व्हावा म्हणून त्याने शंकराची आराधना केली आणि जगद्देव झाला. म्हणजे जगद्देव धाकटा. बाप वारल्यावर राज्यलक्ष्मी स्वतः चालत त्याच्याकडे आली. त्याने तिला नाकारले. कारण काय, तर परिवित्तीचे पाप लागेल. धर्मशास्त्रात थोरल्या भावाचे लग्न व्हायच्या आधी धाकट्याने लग्न केले तर दोघेही दोषी ठरतात. बिनलग्नाचा राहिलेला थोरला तो परिवित्ती. राज्यलक्ष्मी ही राजाची बायको, हे कवीने गृहीत धरले आहे. तेव्हा थोरले भाऊ असताना धाकट्याने गादीवर बसणे म्हणजे त्यांच्या आधी बोहल्यावर चढणेच. जगद्देवाने मुंडावळ्या बांधल्या नाहीत. त्याने माळवा सोडला आणि दक्षिणेची वाट धरली.

दक्षिणेत कल्याणीला कुंतलाधिपती राज्य करत होता. आपला बिदर जिल्ह्यातला बसवकल्याण तो. राजा सहावा विक्रमादित्य चालुक्य, १०७६ ते ११२६ असे पन्नास वर्षे राज्य केलेला. लेखानुसार त्याने जगद्देवाला जवळ घेऊन सांगितले की माझ्या मुलांत तू पहिला, माझ्या राज्याचा तू धनी, माझा उजवा हात तू, फार काय, मीच तू.

इथे थांबून हसायला हरकत नाही. कारण हा विक्रमादित्य स्वतः धाकटा होता. थोरला भाऊ दुसरा सोमेश्वर गादीवर असताना त्याने बंड केले, १०७६ मध्ये त्याला पकडले आणि गादी घेतली. एवढ्यावर न थांबता शक संवत् बाजूला सारून स्वतःच्या नावाचा चालुक्य विक्रम शक सुरू केला. काश्मीरहून आलेला बिल्हण त्याच्या दरबारी होता. त्याने ‘विक्रमांकदेवचरित’ लिहून धन्याची बाजू सावरून घेतली. बाप तर धाकट्यालाच युवराज करणार होता, धाकट्याने थोरल्यासाठी ते नाकारले, पण थोरला इतका बिघडला की शेवटी प्रत्यक्ष शंकराने आज्ञा केली. विज्ञानेश्वरही याच दरबारातला. वडिलोपार्जित मिळकतीची वाटणी कशी व्हावी ते सांगणारी त्याची ‘मिताक्षरा’ आपल्याकडच्या कोर्टांत आजही उघडली जाते. भावाची गादी हिसकावून घेतलेल्या राजाच्या पदरी वारसाहक्काचा सर्वांत मोठा भाष्यकार होता, आणि भावाची गादी नको म्हणणाऱ्या राजपुत्राला आसरा मिळाला तोही त्याच दारात.

कल्याणीच्या राजाला जगद्देवाचा इतका उमाळा का आला, याचे उत्तर मात्र त्यागात शोधू नये. भोजाच्या मृत्यूनंतर माळव्याच्या गादीवर आलेल्या राजाला विक्रमादित्याने तरुणपणी मदत केली होती, असे बिल्हण सांगतो. पुढे त्याच माळव्यावर चालून गेला तो त्याचा थोरला भाऊ सोमेश्वर. उदयादित्याचा वैरी आणि विक्रमादित्याचा वैरी एकच निघाला. शत्रूचा शत्रू तो मित्र या न्यायाने दोन्ही घराणी आधीच जवळ आलेली होती. शिवाय परक्या राजघराण्यातला शूर धाकटा मुलगा हा कुठल्याही सम्राटाला हवाच असतो. त्याला सरहद्दीवर ठेवावे. लढला तर आपला फायदा, पडला तर आपले काही जात नाही, आणि मनात आलेच तर त्याच्या मूळ घरच्यांना धाक दाखवायला तो उपयोगी.

त्यागाच्या गोष्टीबद्दलही माझ्या मनात शंका आहे. उदयादित्याच्या मुलांपैकी लक्ष्मदेव आणि नरवर्मा यांची नावे नागपूरच्या लेखात ठळक आहेत. लक्ष्मदेवाने दान दिलेल्या दोन गावांचा व्यवहार नरवर्म्याने त्यात नोंदवला आहे, आणि ती प्रशस्ती स्वतः नरवर्म्यानेच रचली असावी असे मानतात. त्यात भावांचे कौतुक आहे, दिग्विजयाची लांबलचक वर्णने आहेत. जगद्देवाचे नाव नाही. ज्याने हात आखडून घेतला म्हणून नरवर्मा गादीवर बसला, त्या भावाबद्दल एक ओळ लिहायला काय हरकत होती? माझा कयास असा की घरात काहीतरी बिनसले होते. ते कोणी कोणाचे बिघडवले हे दगड सांगत नाही. कल्याणीच्या बाजूच्या दगडावर त्याचा त्याग झाला आणि माळव्याच्या बाजूच्या दगडावर तो माणूसच पुसला गेला.

विक्रमादित्याने त्याला दिला तो मुलूख म्हणजे गोदावरीच्या उत्तरेचा पट्टा. पुसदचा डोंगराळ भाग, पैनगंगेची दोन्ही तीरे, खाली आदिलाबाद, आणि पुढे तेलंगणात कोलनुपाकच्या बाजूलाही त्याचे नाव लेखांत येते. नकाशा समोर ठेवला म्हणजे ही नेमणूक किती विचारपूर्वक केली होती ते कळते. उत्तरेला परमारांचेच हात नागपूरपर्यंत पोचलेले, पूर्वेला चक्रकोट म्हणजे बस्तर, आग्नेयेला आंध्र. चालुक्यांच्या राज्याची ही ईशान्येची कडा. साग आणि तेंदूचे दाट रान, मधूनच काळ्या जमिनीच्या पट्ट्या, वस्ती विरळ. अशा ठिकाणी नुसती फौज ठेवून भागत नाही. फौजेला खायला लागते, त्यासाठी शेत लागते, शेतासाठी गाव लागते, आणि गाव टिकायला देव लागतो.

गावदानाची पद्धत त्यासाठीच होती. राजा एखाद्या विद्वान ब्राह्मणाला गाव देई, म्हणजे जमिनीची मालकी नव्हे, तर गावातून राजाला येणारे उत्पन्न देई. कसणारे तेच, पाटील तोच, फक्त सरकारी वाटा आता त्या घराण्याकडे जाणार. त्यातून देऊळ उभे राही, नंदादीपाचे तेल, नैवेद्याचे धान्य, पूजाऱ्याचे पोट चाले. वाद झाल्यास दाखवायला दगड हवा, म्हणून शिलालेख. आणि दगड खोदायचाच आहे तर दात्याच्या सात पिढ्यांचे गुणगान त्यात आलेच पाहिजे, म्हणून कवी. डोंगरगावला हेच घडले. जगद्देवाने एका विद्वान ब्राह्मणाला डोंगरग्राम दिले, आणि त्या घराण्याचे शिवालय व ही प्रशस्ती असा तो सगळा मामला आहे. राज्यलक्ष्मी नाकारल्याची हकिकत आपल्याला कळते ती एका खेड्याच्या उत्पन्नाचा दाखला म्हणून.

पैनगंगा ओलांडून आदिलाबादकडे गेले की जैनद लागते, आताचे जैनथ. जिल्हा तेलंगणातला, पण बाजारात मराठी सर्रास चालते. इथल्या देवळातला लेख सूर्याला नमस्कार करून सुरू होतो. देऊळ बांधले पद्मावती नावाच्या बाईने. ती लोलार्काची बायको, आणि लोलार्क हा दाहिम घराण्यातला, परमारांच्या पदरचा सरदार. देवाचे नाव निंबादित्य. राजा देऊळ बांधतो, राणी बांधते, हे नेहमीचे. इथे सरदाराच्या बायकोने बांधले आहे आणि तेही सूर्याचे, जे आपल्याकडे विरळा. लोलार्क हे नावच सूर्याचे, तेव्हा घराण्याची उपासना कोणती होती हे वेगळे सांगायला नको.

लेखात जगद्देवाच्या लढायांची यादी आहे. आंध्राच्या राजाच्या स्त्रिया रडतात, चक्रदुर्गाचा, म्हणजे चक्रकोटचा, राजा खाली मान घालतो, अबूच्या डोंगराशी गुर्जर वीरांच्या बायका टाहो फोडतात, आणि होयसळांच्या दोरसमुद्रात, म्हणजे हळेबीडला, हाहाकार उडतो. आता होयसळांचे लेख काढून पाहावेत. तिथे बल्लाळ आणि विष्णुवर्धन हे भाऊ जगद्देवाच्या सैन्याला दोरसमुद्राशी झोडपून काढतात आणि त्याचा खजिना लुटतात. तो जगद्देव म्हणजे सांतर घराण्यातला दुसराच कोणी, असेही काही अभ्यासक म्हणतात. तो आपलाच असेल तर एकाच लढाईत दोन्ही बाजू जिंकल्या. मध्ययुगात हे सारखे घडते. दगड खोटे बोलत नाही असे म्हणण्याचा प्रघात आहे. दगड खुशाल खोटे बोलतो, फक्त एकदा बोलला की शब्द फिरवत नाही, आणि म्हणूनच त्याला दुसऱ्या दगडासमोर उभे करून उलटतपासणी घेता येते.

जैनदचे देऊळ आज चालते आहे, गजबजलेले आहे. पण आत सूर्य नाही, लक्ष्मीनारायण आहे. कार्तिक शुद्ध अष्टमीपासून उत्सव सुरू होतो आणि वद्य सप्तमीपर्यंत चालतो. विदर्भ-मराठवाड्यातूनही भाविक जातात. पर्यटनाच्या माहितीत मात्र हे देऊळ पल्लव राजाने बांधले, लेख प्राकृतात आहे, आणि बांधणी जैन धाटणीची असल्याने गावाला जैनथ नाव पडले, असे छापलेले असते. पल्लव कांचीचे. पैनगंगेकाठी ते कधी आणि कशाला आले, हे छापणाऱ्याने स्वतःला विचारलेले दिसत नाही. लेख संस्कृतात आहे, परमारांचे नाव त्यात स्वच्छ आहे आणि तो छापून निघाल्याला आता पाऊणशेहून अधिक वर्षे झाली. आपल्याकडचे पांडव आणि तिकडचे पल्लव, दोघांचे काम एकच. ठाऊक असलेल्या माणसांना बाजूला सारायचे.

तरी सूर्य पुरता गेला नाही. दसऱ्यानंतरच्या दिवसांत सकाळचे ऊन दारातून सरळ गाभाऱ्यात शिरते आणि मूर्तीच्या पायांवर पडते. ते पाहायला लोक पहाटेपासून येऊन बसतात. आता तो लक्ष्मीनारायणाचा चमत्कार मानला जातो. निंबादित्यासाठी ज्या सूत्रधाराने ही दिशा साधली त्याचे काम नऊ शतके बिनचूक चालू आहे, धनी बदलला तरी. याच्या नेमके उलट जपानात दिसते. तिथल्या इसे इथे सूर्यदेवी अमातेरासूचे शिंतो देवस्थान आहे. तिथले लाकडी देऊळ दर वीस वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर जसेच्या तसे नव्याने बांधतात आणि देवीला समारंभाने नव्या घरी नेतात. इसवी सन ६९० मध्ये सुरू झालेली ही रीत युद्धांच्या धामधुमीत खंडली तेवढी सोडली तर टिकून आहे. २०१३ साली बासष्टाव्या खेपेची बांधणी झाली. तिथे घर नवे, देव तोच. आपल्याकडे घर तेच राहते, आत देव नवा येतो, आणि भक्तांना त्यात काही खटकत नाही. सूर्याचा सूर्यनारायण, सूर्यनारायणाचा लक्ष्मीनारायण, अशी वाट इतकी सोपी आहे की बदल झाला त्या दिवशी तो कोणाच्या ध्यानातही आला नसेल.

चालुक्यांची सत्ता बाराव्या शतकाअखेर मोडली आणि हा मुलूख यादवांकडे गेला. आपल्याकडची बरीच जुनी देवळे यादवांच्या काळातली आहेत, ‘हेमाडपंती’ हा शब्द तेवढ्यापुरता अगदीच निराधार नाही. त्यानंतर रानाकडचा भाग गोंडांनी धरला. फिरिश्ता लिहितो की १४२५ च्या सुमारास अहमदशहा बहामनीने माहूर घेतले आणि गोंड राजाच्या ताब्यातले कळंब व तिथली हिऱ्याची खाणही घेतली. अकबराच्या काळी वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांत कळंब हे एक सरकार होते, आज ते तालुक्याचे गाव आहे. तिथला चिंतामणी गणपती जमिनीखाली, पायऱ्या उतरून, कुंडाच्या काठी बसलेला आहे. बारा वर्षांनी कुंडाचे पाणी चढते आणि देवाच्या पायांना लागते, अशी श्रद्धा आहे. गौतमाच्या शापातून सुटायला इंद्राने तप केले ते याच ठिकाणी, असे माहात्म्य सांगतात. माघात जत्रा भरते. तिथेही खाण गेली, सरकार गेले, आणि उरले ते कुंड.

जगद्देवाचे पुढे काय झाले, तो कुठे वारला, हे कुठल्याच दगडावर नाही. दगड गप्प झाले तिथून भाटांनी त्याला उचलले. मेरुतुंग या जैन साधूने चौदाव्या शतकाच्या आरंभी ‘प्रबंधचिंतामणी’ लिहिली, तिच्यात जगद्देव आधी गुजरातेत सिद्धराज जयसिंहाकडे असतो आणि मग परमर्दी राजाच्या, म्हणजे आपल्या विक्रमादित्याच्या, बोलावण्यावरून कुंतलात जातो. तो दरबारात शिरतो तेव्हा एक नर्तकी विवस्त्र नाचत असते. जगद्देव आला असे कळताच ती झटकन वस्त्र पांघरून बसते. राजा विचारतो, इतका वेळ लाज नव्हती, आता कशी आली? ती म्हणते की जगात पुरुष असा हा एकच, त्याच्यासमोर लाज वाटणारच. भरलेल्या दरबाराची याहून नेमकी फजिती मी कुठे वाचलेली नाही. गुर्जर वीरांच्या बायकांना रडवणारा माणूस गुर्जरांच्याच कथेत त्यांचा लाडका कसा झाला, याचे मेरुतुंगाला काही वाटत नाही.

पुढे ही कथा आणखी फुगली. अलेक्झांडर किन्लॉक फॉर्ब्ज या इंग्रज अधिकाऱ्याने १८५६ साली गुजरातच्या बखरी आणि भाटांच्या कथा ‘रासमाला’त गोळा केल्या. त्यात जगदेव परमार सिद्धराजाचे आयुष्य वाढावे म्हणून स्वतःचे, बायकोचे आणि मुलांचे डोके द्यायला तयार होतो, आणि कंकाली नावाच्या भाटिणीला दान म्हणून स्वतःचे शिर खरोखरच उतरवून देतो. धारहून आलो असे सांगणाऱ्या भंडारा-गोंदियाकडच्या पोवारांना जगदेव आपला पूर्वज वाटतो. बुंदेलखंड-ब्रजाकडे देवीपुढे जगदेवाचा पवाडा गातात. सगळीकडे तो देणारा आहे. कथेकथेगणिक वस्तू बदलते, राज्य असते, शिर असते, पण देणारा तोच. म्हणजे डोंगरगावच्या कवीने १११२ साली जो सूर लावला तो भाटांनी कधी सोडला नाही, जरी त्यांतल्या एकानेही डोंगरगावचे नाव ऐकलेले नसणार.

इकडे माळव्यात नरवर्म्याच्या मुलाला, यशोवर्म्याला, त्याच सिद्धराजाने पकडून नेले आणि धारची गादी काही काळ गुजरातकडे गेली. ती परत मिळाल्यावर तेराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात तिच्यावर अर्जुनवर्मा बसला. हा रसिक राजा. त्याने ‘अमरुशतका’वर टीका लिहिली, ‘रसिकसंजीवनी’ नावाची, आणि शृंगाराचा एक बारकावा समजावताना त्याला आपला पूर्वज जगद्देव आठवला. शंभर वर्षांनी का होईना, घरच्यांनी त्याचे नाव घेतले. राज्यलक्ष्मीला नकार दिल्याचा, कल्याणीच्या मानाचा किंवा पैनगंगेकाठच्या गावदानाचा त्यात उल्लेख नाही. अर्जुनवर्म्याने नाचिराज नावाच्या कवीचा श्लोक दिला आहे तो जगद्देव दिसायला किती देखणा होता, एवढेच सांगण्यासाठी.